डोलकाठीवरची रिकामी जागा

२७ मे

प्रिय वगैरे काही लिहीत नाही.

एकोणीस वर्षं मी तुला 'अहो' म्हणाले. आजपासून 'तू'. अहो-जाहो जिवंत बायकोने करायचं असतं. तू मला मारून टाकलंस, तेव्हा ते बंधन तूच सोडवलंस.

मला कसं कळलं, ते आधी सांगते. ताईच्या शेजारणीकडे एक जुना कन्सोल पडून होता, तो तिने मला वापरायला दिला. टाके अजून ओढत होते, तरी पहिल्याच संध्याकाळी टीव्हीला जोडून बसले. माझा पासवर्ड चालेना. वाटलं, दवाखान्यात डोकं बधिर झालंय, विसरले असेन. नवीन अकाउंट काढलं. माइक नव्हता, म्हणून डॉक्टरीणबाईंना टाइप करून निरोप धाडला : 'मी दुर्बीण. बरी झाले. उद्यापासून येते.'

दोन मिनिटांत उत्तर. जसंच्या तसं उतरवते : 'तुम्ही कोण आहात ठाऊक नाही. दुर्बीण मार्चमध्ये वारली. कोणीतरी तिच्या नावाने त्रास देईल, असं तिच्या नवऱ्याने आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. माणूस असाल तर त्या बिचाऱ्याला सोडा.' आणि ब्लॉक.

ताईने विचारलं, "काय गं, चेहरा का असा झाला?"

"काही नाही. मी मेले म्हणे."

ती हसली. मग माझ्याकडे पाहून हसायची थांबली.

आधीच सांगून ठेवलं होतंस! पासवर्डही तूच बदलला असणार. महिन्याच्या सुरुवातीला मी फोनवर म्हणाले होते ना, की आता हळूहळू गेम सुरू करीन म्हणते? तेव्हा तू "हं" म्हणालास. त्या 'हं'मध्ये एवढं सगळं होतं तर.

तो गेम घरात आणला तूच. एकट्याने खेळायचा भाग पंधरा दिवसांत संपवलास आणि "झालं, आता यात काही उरलं नाही" म्हणून फळीवर ठेवून दिलास. 'ऑनलाइन' लिहिलेलं एक बटण दाबायचं राहिलं होतं. ते मी दाबलं. पलीकडे एक गलबत होतं आणि त्यावर तीन माणसं होती. निवृत्त शाळामास्तर, शिडं सांभाळणारे. घरी त्यांच्या बायकोला आता कोणी ओळखू येत नाही, ती संध्याकाळी डुलकी घेते तेवढ्यात ते खेळतात. गुरांची डॉक्टरीण, गोठ्यातून आल्या आल्या पायातले गमबूटही न काढता बसते आणि फुटलेल्या फळ्या ठोकते. आणि भोपू, फ्रीज दुरुस्त करणारा. एका कानाने बहिरा, म्हणून सगळ्या जगाशी ओरडून बोलतो. तोफा त्याच्याकडे. मी चष्म्याच्या काचा घासते असं सांगितलं, तेव्हा भोपू ओरडला, "मग हिला वर चढवा, ही आपली दुर्बीण!" तेव्हापासून डोलकाठीवरची जागा माझी. मास्तरांचा एकच नियम होता : इथे खरं नाव नाही, गाव नाही, फोन नंबर नाही. तरच माणूस मोकळं बोलतो, म्हणायचे. त्या नियमाचा तुला किती उपयोग झाला बघ. माझं काय झालं, हे त्यांनी विचारावं असं तुझ्याशिवाय जगात कोणीच नव्हतं.

तू म्हणायचास, "ती काय माणसं आहेत? नुसते आवाज." मी दिवसभर दुकानाच्या मागच्या बिनखिडकीच्या खोलीत चाकासमोर बसते. चाकाच्या घरघरीत आठ तास कोणाशी बोलता येत नाही. घरी यावं तर तू, नकाशा कार्यालयात दिवसभर रेघा ओढून आलेला, घरात एक शब्दही न सांडणारा. मला आवाजच हवे होते रे.

अपेंडिक्स फुटून पोटात पू पसरला, दोनदा फाडलं, पाच आठवडे पडून होते. त्यांना कळव, म्हणून तुलाच विनवलं होतं मी. कळवलंस. मग सुट्टी मिळाली तो मंगळवार. तू अकराला येणार होतास. दवाखान्याच्या दाराशी बाकावर पिशवी मांडीवर घेऊन मी तीनपर्यंत बसले. शेवटी ताई आली. तिच्याच घरून तुला फोन केला, "अकरा ते तीन मी बाकावर होते. मी परत येणार नाही." तेव्हाही तू "हं" म्हणालास.

हे पत्र आत्ता टाकणार नाही. काचांच्या रिकाम्या डब्यात ठेवते. अशी आणखी लिहीन. सगळी एकदम पाठवीन, तुला जास्तीत जास्त लागेल तेव्हा.

१९ ऑगस्ट

काल संध्याकाळी सात वाजता तू माझं स्वागत केलंस. "या, या. पाणी उपसायला माणूस हवंच होतं."

तिसरं अकाउंट काढलंय, नाव 'पाहुणा'. पाचवं माणूस नसेल तर बंदरावर जो उभा असेल त्याला घ्यायचं, हा मास्तरांचा नेम मला ठाऊक होता. आठ संध्याकाळी उभी राहिले, नवव्या दिवशी घेतलंत.

"बोलत का नाही?" भोपूने विचारलं. मी टाइप केलं, 'माइक नाही.'

"बरं झालं! मी दोघांपुरतं बोलतो!" आणि लगेच माझं बारसं करून टाकलं : मुकाट.

माइक होता. हेडफोनला जोडलेला, बटण बंद. ते दाबून 'मी आहे' एवढं म्हणाले असते तर कालच निकाल लागला असता. बोट बटणावर ठेवलंसुद्धा. तेवढ्यात तू म्हणालास, "सगळे तयार? शीड सोडा," आणि माझे मास्तर तुला "हो, कप्तान" म्हणाले. कप्तान! सुकाणू माझ्या वेळी आळीपाळीने असायचं. बोट उचललं. म्हटलं, इतक्या स्वस्तात नाही.

थोड्या वेळाने मुद्दाम विचारलं, 'डोलकाठीवर कोणी नाही?'

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "ती जागा आम्ही कोणाला देत नाही."

आणि तू लगेच पुढे : "माझी बायको असायची तिथे."

मी तळात गुडघाभर पाण्यात बादली घेऊन उभी होते. तुला सांगते, माणूस मेल्यावर नक्की काय पाहत असेल हा प्रश्न मला आता पडणार नाही. तो पाणी उपसत असतो.

ताई दारातून म्हणाली, "वकिलाकडे जायचं सोडून हे काय खेळत बसलीयेस?"

"खेळतच तर नाहीये," मी म्हणाले.

२ नोव्हेंबर

आज वारा पडला होता. गलबत हलेना. मास्तर म्हणाले, "कप्तान, दुर्बीणबाईंचं काहीतरी सांग."

तू सांगितलंस. "काच घासून झाली की ती दिव्यासमोर धरायची. एक डोळा मिटायची, आणि जिभेचं टोक दातांत पकडायची. काच नीट झाली असेल तरच जीभ आत जायची."

मला हे माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं माझ्या तोंडाकडे कोणी बघतंय, हे मला माहीत नव्हतं.

मग तू म्हणालास, "ती तुमच्याशी बोलत असायची ना, तेव्हा मी दाराबाहेर उभा असायचो. तिचं हसणं ऐकायला. मी आत गेलो की ती हसायची थांबायची."

डॉक्टरीणबाई नाक ओढत होत्या. माझी बादली कधी थांबली मला कळलं नाही. पाणी कमरेपर्यंत आलं तेव्हा भोपू ओरडला, "मुकाट! झोपलास काय रे? बुडवतोस सगळ्यांना!"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मी डब्यातली पत्रं फाडून टाकली असती. तू दाराबाहेर उभा होतास. मी तुझ्यासमोर गप्प व्हायचे, हेही खरंच आहे. का व्हायचे, ते आठवायला लागले होते, आणि सगळाच दोष तुझा होता असं काही सापडत नव्हतं.

पण तुझ्या अंगात कथेकरी संचारला होता. पुढे म्हणालास, "शेवटचे तीन दिवस तिचा हात मी सोडला नाही. नर्स म्हणायची, जरा पडा हो, आम्ही आहोत."

पाच आठवड्यांत तीनदा आलास. तिन्ही वेळा खुर्चीसुद्धा ओढून घेतली नाहीस. हातात हात कुठला, फोन होता.

बरं झालं बोललास. नाहीतर त्या दाराच्या गोष्टीने माझा घात केला असता. मी बादली उचलली आणि पाणी उपसलं.

११ फेब्रुवारी

तुझी मेहेरबानी. आज तू मला माझी जागा दिलीस.

दोन गलबतं आपल्या मागे लागली होती, धुकं होतं, आणि वर कोणी नसल्यामुळे आपण आंधळ्यासारखे जात होतो. तू वैतागून म्हणालास, "मुकाट, तू वर चढ. तुझी नजर चांगली आहे." क्षणभर थांबून, "अगदी तिच्यासारखी."

"कप्तान, पण..." डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"वर्ष होत आलं, डॉक्टर. कधीतरी द्यायलाच हवी ती जागा कोणाला तरी."

मी चढले. वरून मी फक्त टाइप करत होते, 'उजवीकडे एक', 'खडक', 'आता वळ', आणि तू डोळे झाकून ऐकत होतास. दोन्ही गलबतांना चुकवून आपण सुटलो. भोपूने आनंदाने सगळ्या तोफा हवेत उडवल्या. मी हसले, माझ्या खोलीत, एकटीच, मोठ्याने. वर्षभरात पहिल्यांदा. आणि हसता हसताच तुझा इतका राग आला की कंट्रोलर सतरंजीवर आपटला. हे सगळं माझं होतं. तू ते उचललंस आणि मलाच वाढून दिलंस.

निघताना मास्तरांनी जाहीर केलं : मार्चच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी चार वाजता, दुर्बीणबाईंचा पहिला स्मृतिदिन. शेजारपाजारच्या सगळ्या गलबतांना निरोप गेलेत. कप्तान बोलणार.

'मुकाट, तूही ये हां,' डॉक्टरीणबाईंनी वेगळा निरोप लिहिला. 'तुला ती आवडली असती.'

मी लिहिलं, 'येतो.'

११ मार्च

झालं.

एकतीस गलबतं होती. मी मोजली, वर मी एकटीच होते. सगळ्यांनी शिडं उतरवलेली, दिवे लावलेले. इतकी माणसं मला ओळखत होती हे मला जिवंतपणी कळलं नव्हतं. पलीकडच्या एका गलबतावरची कोणी मुलगी म्हणाली, "एकदा आम्ही बुडत होतो, तेव्हा दुर्बीणबाईंनी वरून हाका मारून मारून आम्हाला किनाऱ्याला लावलं. आम्ही शत्रूच होतो तसे." मला ती आठवतसुद्धा नाही.

मास्तर बोलले. त्यांनी कागदावर लिहून आणलं होतं. कागदाचा आवाज येत होता. म्हणाले, "माझ्या घरात मला हाक मारणारं कोणी उरलेलं नाही. संध्याकाळी सातला ही बाई 'मास्तर, आलात का?' म्हणायची. तेवढ्यावर माझा दुसरा दिवस निघायचा."

बटण मी तेव्हाच दाबायला हवं होतं. दाबलं नाही. तुझी पाळी यायची होती.

तू छान बोललास. नेहमीप्रमाणे. शेवटी कोणीतरी विचारलं, "जाताना काही म्हणाल्या का त्या?"

तू श्वास घेतलास. "म्हणाली, गलबत सांभाळा."

मी माइक सुरू केला.

"मी असं काही म्हणाले नाही," मी म्हणाले. "मी म्हणाले, अकरा ते तीन मी बाकावर बसून होते आणि तू आला नाहीस."

भोपू ओरडला, आणि असा ओरडला की हेडफोन कानावरून काढावा लागला. "आवाज! डॉक्टर, तिचा आवाज! दुर्बिणीचा आवाज आहे हो!"

"कोण बोलतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "कोण आहे तिथे वर?"

"मीच, डॉक्टर. मार्चमध्ये वारले नाही. ताईकडे गेले होते. मेमध्ये तुम्हाला लिहिलं होतं, तुम्ही ब्लॉक केलंत."

"कप्तान?" मास्तर म्हणाले. "कप्तान, हे काय आहे?"

एक 'हं' तरी म्हणायचास! कंट्रोलर ठेवून दिलास बहुतेक, कारण सुकाणू आपोआप फिरायला लागलं, गलबत प्रवाहात तिरकं होत होत सगळ्यांच्या देखत खडकावर गेलं. मास्तर धावले, पण वेळ गेली होती. माझ्याच शोकसभेत मी बुडाले. एरवी भोपू यावर आठवडाभर हसला असता.

किनाऱ्यावर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "मुकाट म्हणून किती दिवस होतीस?"

"ऑगस्टपासून."

"म्हणजे आम्ही रडत होतो तेव्हा तू ऐकत होतीस."

मी "हो" म्हणाले. त्या गेल्या. परवापासून आल्या नाहीत. हे तुझ्या खात्यावर लिहावं की माझ्या, मी ठरवलेलं नाही. पण तुझं नाव मास्तरांनी गलबतावरून स्वतःच्या हाताने काढलं, आणि एकतीसच्या एकतीस गलबतांनी तुला ब्लॉक केलं. संध्याकाळी सातला तू आता काय करतोस? दाराबाहेर उभा राहतोस का?

६ एप्रिल

तुझं पत्र आलं. एकोणीस वर्षांत तू मला लिहिलेलं पहिलं पत्र. अक्षर नकाशावरच्या नावांसारखं, एकही खाडाखोड नाही. तीनदा वाचलं. त्यातला मुख्य भाग हा :

'मी खोटं बोलायला बसलो नव्हतो. तू फोन केलास त्याच संध्याकाळी मी तुझा गेम लावला, त्यांना सांगायला, की आता तू या घरात नाहीस. मास्तरांनी विचारलं, दुर्बीणबाई कशा आहेत. मी म्हणालो, ती गेली. मला म्हणायचं होतं, ती मला सोडून गेली. तो भोपू रडायला लागला. डॉक्टर म्हणाली, कधी? मी म्हणालो, आजच. जवळ कोण होतं? मी म्हणालो, तिची बहीण. फार त्रास झाला का? मी म्हणालो, बराच. मला कळेपर्यंत सगळं बोलून झालं होतं. आणि मग मास्तर म्हणाले, तू एकटा राहू नकोस, रोज सातला येत जा. असं मला कोणीच कधी म्हणालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग त्याच्या दुसऱ्या दिवशी. पुढचं सगळं माझं पाप, ते मी मान्य करतो. पण सुरुवात मी केली नाही. तू त्यांना एवढं एकच सांग. ते माझं ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील. मी परत येऊ देत म्हणत नाही. फक्त मास्तरांना कळू दे, की मी पहिल्या दिवशी फसवायला आलो नव्हतो.'

मला हे खरं वाटतं. वाटतं कशाला, खरंच आहे ते. तू असाच बोलतोस. कार्यालयातून तुझी बदली झाली, तेव्हाही घरी येऊन 'झालं' एवढंच म्हणाला होतास, आणि मी दोन दिवस कोणाला काय झालं म्हणून घाबरून होते. तुझा एक शब्द ऐकून पुढचं वाक्य मनात जुळवायची सवय फक्त मला होती. त्या बिचाऱ्यांना ती कुठून असणार? तू गेली म्हणालास, त्यांनी मला तिरडीवर ठेवलं, आणि तू तिथे पहिल्यांदा कोणाच्या तरी मायेच्या जागी जाऊन बसलास. मी असते तर मीही उठले असते का, सांगता येत नाही.

तर तुझं पत्र बुधवारी आलं. काल, शनिवारी, आम्ही तिघंच होतो : मास्तर, भोपू आणि मी. डॉक्टरीणबाईंनी आठवड्यापूर्वी एक निरोप पाठवला, 'अजून राग आहे, पण गाय व्याली की येईन.' म्हणजे येतील.

भोपू तोफा भरायला खाली गेल्यावर मास्तर म्हणाले, "दुर्बीणबाई, एक विचारू? त्याने मलाही एक निरोप पाठवलाय. ब्लॉक करायच्या आधीचा आहे, मी काल पाहिला. म्हणतो, पहिल्या दिवशी त्याचा शब्द आमच्या कानांनी वेगळा घेतला. म्हणतो, तुमच्या बाईंना विचारा, तिला माहीत असेल. मी वर्षभर त्या माणसाला रोज धीर देत होतो हो. मुलासारखा वाटायला लागला होता. तुम्ही त्याला एकोणीस वर्षं ओळखता. असं असेल का?"

वारा चांगला होता. समोर मैलभर काही नव्हतं. तरी मी दुर्बिणीतून बघत राहिले.

"नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

"तो जे करतो ते ठरवून करतो, मास्तर. ड्राफ्ट्समन आहे तो."

मास्तर म्हणाले, "बरं. एवढंच हवं होतं मला." आणि त्यांनी शीड ओढलं. एकटेच ओढत होते, वेळ लागला.

मला वाटलं होतं, वाईट वाटेल. रात्रभर झोपेन की नाही असंही वाटलं होतं. झोपले. सकाळी उठून दुकानात नव्या फ्रेमच्या चार काचा घासल्या, चारही पहिल्या फटक्यात बसल्या.

डब्यातली पाच पत्रं मोठ्या पाकिटात घातलीत. तुझा पत्ता घातलाय, तिकीट लावलंय, ताई आत्ता बाहेर चाललीये ती पेटीत टाकेल. ती पाच वाचून तुला कळेल, की मी सगळा वेळ तिथे होते आणि तुझी ती दाराची गोष्ट मला लागली होती. तेवढं कळलेलं बरं, ते तुला जास्त छळेल.

हे सहावं त्यात नाही. माझा तुझ्यावर विश्वास आहे, हे तुला कधीच कळणार नाही.